नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना बास्केटबॉलचं ड्रिबलिंग कसं शिकवावं

लहान गटाच्या सरावाला बऱ्याच कोर्टांवर एकच चित्र दिसतं. सहा प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडलेले, मागे पंधरा मुलांची रांग, आणि एक मूल टप्पे मारत कोनांमधून नागमोडी जातंय. बाकीची चौदा एकमेकांना ढकलत उभी. हिशेब केला तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू येतो चार मिनिटं. त्या चार मिनिटांतही मूल चेंडूकडेच बघतं, कारण वर बघायचं काही कारणच नसतं. कोन जागचा हलत नाही, चेंडू हिसकावत नाही. अशी मुलं कोनांत तरबेज होतात आणि सामन्यात समोर बचावपटू आला की घाबरून चेंडू दोन्ही हातांनी उचलून घेतात.

शालेय स्पर्धांचा सगळ्यात लहान गट १४ वर्षांखालचा असतो. त्यात उतरण्याआधीची दोन-तीन वर्षं ड्रिबलिंगचा, म्हणजे टप्पे मारत चेंडू ताब्यात ठेवून नेण्याचा, पाया घालायची. त्यासाठी कुठलीही कवायत निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: यात प्रत्येक मुलाचा हात चेंडूवर किती वेळ राहतो? आणि चेंडू खेळवताना त्याला डोळ्यांनी काही टिपायचं आहे का? दोन्हींची उत्तरं समाधानकारक नसतील तर ती कवायत कितीही शिस्तबद्ध दिसली तरी सोडून द्या.

चेंडू, कोर्ट आणि नखं

सगळ्यात आधी चेंडूचं माप. शाळेच्या स्टोअररूममध्ये बहुधा ७ नंबरचेच चेंडू असतात. त्याचा घेर साधारण ७६ सेंमी आणि वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. दहा वर्षांच्या मुलाची बोटं त्यावर पुरेशी पसरत नाहीत, मनगटाची ताकद कमी पडते, आणि मग ते खांद्यापासून हात आपटून तळहाताने चेंडू बडवतं. एकदा लागलेली ही सवय मोडायला महिने जातात. या वयाला ५ नंबरचा चेंडू हवा: घेर सुमारे ७० सेंमी, वजन अर्ध्या किलोच्या आत. बारा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये हाच चेंडू वापरतात आणि रिंगही ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते. रिंग खाली घेणं प्रत्येक शाळेला जमणार नाही, पण चेंडू बदलणं जमतं. नवे घ्यायचे असतील तर आधी ५ नंबरचेच घ्या.

हवा किती भरायची ते चेंडूवर छापलेलं असतं, बहुतेकदा ७ ते ९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). दाब मोजायचं गेज नसेल तर मुलाच्या खांद्याच्या उंचीवरून चेंडू नुसता सोडून द्या. उसळून तो त्याच्या कमरेच्या आसपास आला पाहिजे. त्याखाली राहिला तर हवा कमी आहे, आणि कमी हवेचा चेंडू मुलाला बडवायला भाग पाडतो. उन्हात ठेवलेला चेंडू तापून कडक होतो, तेव्हा चेंडू सावलीतच ठेवायचे. रबरी चेंडूवर धूळ बसून तो गुळगुळीत झाला असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून पुसून घ्या, पकड लगेच सुधारते.

सिमेंटच्या कोर्टावर बारीक वाळू असली की थांबताना पाय घसरतो. सरावाआधी झाडू फिरवणं हे कामच समजा, मोठ्या मुलांना वाटून द्या. पावसाळ्यानंतर कडेला शेवाळ धरतं. ते घासून काढल्याशिवाय त्या भागात कोणालाही पळू देऊ नका. पाऊस चालू असेल तर सराव बंद करायची गरज नाही. जागेवर उभं राहून करायचं काम व्हरांड्यात किंवा सभागृहात छान होतं.

नखं कापलेली हवीत. घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवायची. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात जाड मण्यांच्या राख्याही सरावापुरत्या काढायला सांगा, त्या चेंडूत अडकतात आणि शेजारच्याच्या तोंडाला लागतात.

वीस मुलं आणि बारा चेंडू, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती. अशा वेळी रांग लावू नका, जोड्या करा. एक मूल तीस सेकंद चेंडू खेळवतं. दुसरं समोर दोन मीटरवर उभं राहून बोटं दाखवतं, किंवा पुढे सांगितल्याप्रमाणे बचाव करतं. मग अदलाबदल. बिनचेंडूच्या मुलालाही नेमकं काम मिळतं आणि खेळणाऱ्याची मान आपोआप वर राहते. उरलेले चेंडू सगळ्यात नवख्या मुलांना जास्तीचे द्या.

हात, गुडघे आणि टप्प्याची जागा

पहिले दोन आठवडे मुळाक्षरांचे. बोटं ताण न देता पसरलेली, चेंडू बोटांच्या पेरांवर आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर, तळहाताचा मधला खळगा मोकळा. हे तोंडाने सांगून मुलांना कळत नाही, दाखवावं लागतं. चेंडूवर फळ्याचा खडू चोळा, मुलाला दहा टप्पे मारू द्या, मग हात उलटा करून बघायला सांगा. बोटं पांढरी आणि तळव्याचा मध्य स्वच्छ असेल तर बरोबर. पूर्ण तळवा पांढरा झाला असेल तर मुलाला स्वतःलाच चूक दिसते, तुम्हाला बोलावं लागत नाही. ऐकूनही ओळखता येतं. तळहाताने मारलेल्या टप्प्यात थापेचा ‘फट्’ आवाज येतो, बोटांनी ढकललेल्या टप्प्यात फक्त जमिनीचा आवाज येतो. वीस मुलांकडे पाठ करून उभे राहिलात तरी थापा मारणारी दोन मुलं कानाने सापडतात.

चेंडू मारायचा नसतो, ढकलायचा असतो. कोपर थोडं सरळ होतं, शेवटी मनगट खाली झुकतं, बोटं जमिनीकडे राहतात. चेंडू वर येताना हात त्याला भेटायला खाली जातो आणि त्याच्याबरोबरच थोडा वर येतो. या वर येण्यातच खरा ताबा आहे. नवशिकं मूल हात वरच धरून चेंडूची वाट बघतं आणि चेंडू आला की थाप देतं. त्याला एकच गोष्ट सांगा: ‘हात चेंडूवर जास्त वेळ ठेव.’

पाय खांद्यांइतके रुंद, गुडघे वाकलेले, पार्श्वभाग खाली, पाठ ताठ. ‘खाली वाक’ म्हटलं की मुलं कमरेतून पुढे झुकतात आणि नजर जमिनीत जाते. म्हणून ‘वाक’ हा शब्दच टाळा. ‘स्टुलावर बस’ म्हणा. टप्पा पडतो पायाच्या करंगळीच्या बाहेर, थोडा पुढे. अगदी शरीरासमोर टप्पा मारणाऱ्या मुलाचा चेंडू स्वतःच्याच पायाला लागतो, शिवाय बचावपटूला तो आयता मिळतो. मोकळा हात कोपरात वाकवून समोर धरायचा. त्या हाताने ढकलायचं मात्र नाही, तो फाऊल आहे.

जागेवरच्या सरावाचा क्रम असा ठेवता येतो. आधी तीन उंचींचे टप्पे: घोट्याइतका, गुडघ्याइतका, कमरेइतका, प्रत्येकी वीस सेकंद, दोन्ही हातांनी. घोट्याइतका सगळ्यात अवघड असतो, कारण चेंडू लगेच परत येतो आणि बोटं झपाट्याने हलावी लागतात. मग एकाच हाताने शरीरासमोर डावीकडे-उजवीकडे, टप्प्याची वाट इंग्रजी व्ही अक्षरासारखी. इथे हात चेंडूच्या डोक्यावरून बाजूला सरकायला शिकतो, आणि पुढच्या सगळ्या चालींचा कणा हाच आहे. नंतर तेच शरीराच्या बाजूला, पुढे-मागे. शेवटी एका हातातून दुसऱ्या हातात. एवढं पुरे. पायांमधून आठचा आकडा काढण्याची मुलांना हौस असते. शेवटची दोन मिनिटं बक्षीस म्हणून द्यायला हरकत नाही, पण त्यावर अर्धा तास घालवू नका.

मान वर राहण्यासाठी

‘चेंडूकडे बघू नकोस’ असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही. मुलाला दुसरीकडे बघायला काहीतरी द्यावं लागतं. पहिल्या दिवशी हालचाल नवी असताना चेंडूकडे बघू द्या. हाताला ती ओळखीची झाली की लगेच डोळ्यांना काम लावा.

सगळ्यात सोपा उपाय बोटं मोजण्याचा. प्रशिक्षक किंवा जोडीदार बोटं दाखवतो, मूल आकडा ओरडतं. दर दोन सेकंदांना आकडा बदला. मग दोन्ही हातांची बोटं दाखवा आणि बेरीज विचारा. अकरा-बारा वर्षांच्यांना गुणाकार द्या. डोकं दुसरीकडे गुंतलं की हात आपोआप स्वतंत्र होतो.

खेळांमधून हे आणखी चांगलं होतं, आणि त्यासाठी परदेशी कवायती शोधायची गरज नाही. मुलांना आधीपासून येणारे खेळ घ्या आणि प्रत्येकाच्या हातात चेंडू द्या. ‘डोंगर-पाणी’त ‘डोंगर’ म्हटलं की कमरेइतका टप्पा, ‘पाणी’ म्हटलं की घोट्याइतका. काही वेळाने तोंडाने सांगणं बंद करून हात वर-खाली करून इशारा द्या, म्हणजे बघावंच लागेल. ‘विषामृत’ तर ड्रिबलिंगसाठी फार उत्तम. अर्ध्या कोर्टात सगळे चेंडू खेळवत पळतात, दोघांवर राज्य, तेही चेंडू खेळवतच. ज्याला विष मिळालं तो जागेवर थांबून टप्पे चालू ठेवतो, आणि कोणीतरी येऊन शिवून अमृत दिलं की पुन्हा पळतो. टप्पा सुटला तर विष मिळाल्यासारखंच. पाच मिनिटांच्या या खेळात मूल दिशा बदलतं, वेग बदलतं, मागे वळून बघतं, जागा शोधतं, आणि यातलं काहीच तुम्ही शिकवलेलं नसतं. वीस मुलांसाठी १४ बाय १५ मीटरचा अर्धा कोर्ट पुरतो. हात बसला की जागा तीन-गुणांच्या रेषेच्या (रिंगभोवती आखलेल्या मोठ्या कमानीच्या) आतपर्यंत आणा. गर्दी वाढते तशी मान वर ठेवणं भाग पडतं.

चालत, धावत, आणि थांबत

जागेवर बसलेला हात चालताना पुन्हा बिघडतो. त्याला घाबरू नका. आधी बेसलाइनपासून, म्हणजे रिंगमागच्या कोर्टाच्या शेवटच्या रेषेपासून, मध्यरेषेपर्यंत चालत जायचं, मग हलकं धावत, मग जोरात. जोरात धावताना दोन गोष्टी बदलतात: हात चेंडूच्या वर न राहता वर-मागे जातो, म्हणजे चेंडू पुढे ढकलला जातो. आणि टप्पा कमरेच्या वर, छातीपर्यंत चालतो. गुडघ्याइतका टप्पा मारत पूर्ण वेगाने धावता येत नाही, आणि नेमकं तेच करायला मुलांना सांगितलं जातं. गर्दीत खाली, मोकळ्या मैदानात वर, एवढा फरक पहिल्या महिन्यातच समजला पाहिजे. चेंडू हाताला लागलेला नसताना कितीही पावलं टाकली तरी नियमात बसतं, हेही सांगा. अनेक मुलं एक पाऊल-एक टप्पा असं धरून बसलेली असतात.

यासाठी एक छोटी शर्यत: १४ मीटर कमीत कमी टप्प्यांत पार करायचे, पण चेंडू ताब्यात ठेवून. प्रत्येक मूल आपलाच आकडा कमी करण्याचा प्रयत्न करतं. दुसऱ्याशी तुलना नको, कारण या वयात उंचीत फार फरक असतो.

थांबायला मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा. मुलांचे बरेचसे ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू हातात धरून जास्तीची पावलं टाकण्याच्या चुका, थांबता न आल्याने होतात. शेवटचा टप्पा थोडा जोरात, चेंडू हवेत पकडताना छोटीशी उडी, आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर, गुडघे वाकलेले. असे दोन्ही पाय एकाच वेळी टेकले तर पुढे कुठल्याही पायावर फिरता येतं. चूक होते ती उडीत. मूल लांब उडी मारतं, वजन पुढे जातं आणि तोल सावरायला एक पाऊल जास्तीचं पडतं. उडी लांब नको, जमिनीलगत हवी. शिट्टी वाजली की थांबायचं आणि तीन अंक पुतळा व्हायचं, हा खेळ रोज दोन मिनिटं घ्या.

डावा हात

उजव्या हाताच्या मुलाला डाव्या हाताचा सराव कंटाळवाणा आणि लाजिरवाणा वाटतो. म्हणून तो सरावाच्या शेवटी, मुलं दमलेली असताना घेऊ नका. ताजी असतानाच घ्या आणि प्रमाण दोनास एक ठेवा: डाव्याने चाळीस सेकंद, उजव्याने वीस. उजवा हात मदतीला धावतोच, तो गुंतवून ठेवायला त्यात टेनिसचा चेंडू द्या किंवा शर्टाचं टोक पकडायला सांगा. मूल डावखुरं असेल तर हेच सगळं उलट. त्याला उजव्या हाताने ‘सुरुवातीपासून’ शिकवायच्या फंदात पडू नका, डावखुरा खेळाडू संघाला मोलाचा असतो.

दोन चेंडूंचा सराव तिसऱ्या आठवड्यापासून घ्यावा. आधी दोन्ही एकदम, मग आलटून-पालटून. कमजोर हाताला मजबूत हाताची लय मिळते, हा त्याचा खरा फायदा. तीन-चार मिनिटं पुरेत. दोन चेंडू सामन्यात कोणी खेळवत नाही, त्यामुळे मोबाइलवर बघितलेल्या चमकदार कवायतींवर अख्खा तास घालवणं म्हणजे वेळेची नासाडी.

अकरा-बाराव्या वर्षी काही मुलांची, विशेषतः मुलींची, उंची झपाट्याने वाढते. काल जमत असलेलं आज अचानक जमेनासं होतं, टप्पा पायाला लागतो. मूल आळशी झालेलं नसतं, हातपाय लांब झालेले असतात. काही आठवडे जागेवरचा सराव वाढवा आणि घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

समोर माणूस हवा

बचावपटू कधी आणायचा, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. ‘आधी हात पक्का होऊ दे’ म्हणून काहीजण महिनोन्महिने थांबतात. आमचं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या आठवड्यापासून आणा, पण पायऱ्या पायऱ्यांनी. पहिल्या पायरीवर बचावपटूचे हात पाठीमागे बांधलेले, तो फक्त पायाने वाट अडवतो. दुसऱ्या पायरीवर हात बाजूला पसरलेले, पण चेंडू हिसकावायचा नाही. तिसऱ्या पायरीवर हिसकावायची मुभा, पण बचाव मागे सरकतच करायचा. चौथीवर पूर्ण मोकळीक. पाचपैकी चार वेळा मूल चेंडू न गमावता पार जात असेल तर पुढची पायरी द्या. पाचांत दोनदाच जमत असेल तर एक पायरी मागे या. एकाच सरावात वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात, असाव्यातच.

जागा म्हणून कोर्टाच्या लांबीत तीन मीटर रुंदीच्या पट्ट्या आखा. १५ मीटर रुंदीत पाच पट्ट्या बसतात, म्हणजे एका अर्ध्या कोर्टावर पाच जोड्या एकदम खेळतात. पट्टीबाहेर गेलं की बाद. रुंदी तीन मीटर असल्यामुळे बाजूने पळून जाता येत नाही, वेग किंवा दिशा बदलूनच जावं लागतं. थोडी मोठी मुलं ‘रुमालपाणी’ खेळू शकतात: रुमालाच्या जागी मधोमध चेंडू, दोन बाजूंना दोन संघ, आकडा पुकारला की दोघं धावतात. जो चेंडू मिळवेल तो रिंगकडे जातो, दुसरा लगेच बचावपटू होतो.

चार चाली पुरेत

बारा वर्षांपर्यंत चार गोष्टी नीट आल्या तर मूल कुठल्याही सामन्यात चेंडू पुढे नेऊ शकतं.

पहिली, वेग बदलणं. पाच पावलं हळू, मग दोन पावलं पूर्ण जोरात. यालाच थोडी भर घातली की फसवी चाल होते: जवळ येताना शरीर किंचित वर उचलायचं, खांदे वर, नजर रिंगकडे, जणू थांबणारच. बचावपटू सरळ उभा राहिला की खाली जाऊन सटकायचं. इथे मुलांचा हात चेंडूच्या खाली जातो आणि पंच कॅरी, म्हणजे चेंडू हातावर तोलून नेण्याची चूक, देतो. हात शेवटपर्यंत चेंडूच्या वरच, हे दर वेळी बघा.

दुसरी, क्रॉसओव्हर, म्हणजे चेंडू शरीरासमोरून एका हातातून दुसऱ्या हातात टाकत दिशा बदलणं. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. उजवीकडून डावीकडे जाताना उजवा पाय बाहेर रोवायचा. त्याच क्षणी हात चेंडूच्या उजव्या बाजूला आणि मनगटाने चेंडू शरीरासमोरून, गुडघ्यापेक्षा कमी उंचीवरून डावीकडे. टप्पा दोन्ही पायांच्या मधोमध, किंचित पुढे. डावा हात आधीच खाली, गुडघ्याजवळ, तळवा आत करून वाट बघतो. चेंडू डाव्या हाताला लागताच उजवं पाऊल बचावपटूच्या पायाला ओलांडून पुढे, खांदा त्याच्या कमरेजवळून. तुकडे पाडून शिकवा: आधी जागेवर, मग एक पाऊल टाकून, मग चालत, मग खुर्चीसमोर, मग हात बांधलेल्या मुलासमोर. चाल करायची जागा म्हणजे बचावपटूपासून साधारण एक हात अंतर. दीड-दोन मीटर आधीच केली तर तो निवांत सरकतो, अंगावर जाऊन केली तर चेंडू त्याच्या हातात. सगळ्यात जास्त आढळणारी चूक मात्र वेगळीच. मूल क्रॉसओव्हर सुंदर करतं आणि मग आडवं जातं, पुढे जातच नाही. त्याला सांगा, चेंडू बदलल्यानंतरचं पहिलं पाऊल रिंगच्या दिशेने. आणि चालीआधीपेक्षा चालीनंतर वेग जास्त. हे उलट झालं तर चालीचा काही उपयोग नाही.

तिसरी, मागे सरकणं. दोघं अंगावर आले किंवा कोपऱ्यात अडकायची वेळ आली तर चेंडू उचलायचा नाही. आडवं व्हायचं, पुढचा खांदा बचावपटूकडे, चेंडू मागच्या पायाजवळ, आणि दोन टप्प्यांत दोन पावलं मागे. नजर मैदानावरच. मुलं घाबरून पूर्ण पाठ फिरवतात, मग त्यांना ना जोडीदार दिसतो ना दुसरा बचावपटू. मागे सरकल्यावर काय करायचं हेही त्याच कवायतीत हवं: पास किंवा पुन्हा क्रॉसओव्हर.

चौथी, चेंडू राखणं. हीच आडवी बैठक, जागेवर. तीन-गुणांच्या रेषेच्या आत सगळे चेंडू खेळवतायत आणि मोकळ्या हाताने दुसऱ्यांचे चेंडू घालवायचे. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका. कडेला दहा टप्पे डाव्या हाताने मारून पुन्हा आत, नाहीतर ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात कमी खेळतो.

पायांमधून आणि पाठीमागून चेंडू काढायला मुलं आतुर असतात. ज्यांना या चार चाली जमल्या त्यांना जरूर शिकवा, अख्ख्या गटाला एकदम नको.

पंचाची शिट्टी

नियम वेगळा तास लावून शिकवू नका, सरावातच शिट्टी वाजवा. दोन्ही हात एकदम चेंडूला लागले किंवा चेंडू हातात थांबला की ड्रिबल संपलं, त्यानंतर पुन्हा टप्पा मारला की डबल ड्रिबल. चेंडू हातातून निसटला आणि पुन्हा मिळाला, तर ते ड्रिबल धरत नाहीत. घाबरलेल्या मुलाला हे माहीत असलं पाहिजे. ड्रिबल सुरू करताना टेकलेला पाय, म्हणजे ज्यावर आपण फिरतो तो, उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. बहुतेक मुलं आधी पाय उचलतात, मग टप्पा मारतात. त्यांना ‘आधी टप्पा, मग पाय’ एवढंच सांगा आणि जागेवरून पहिला टप्पा वीसदा करून घ्या.

आणखी एक सवय, जी नियमात बसते पण खेळाला मारक आहे: पास मिळाला की काहीही न बघता एक टप्पा मारायचा. तो टप्पा वाया घालवून चेंडू हातात धरला की ड्रिबलचा हक्क संपला. छोट्या सामन्यात यासाठी एक अट घाला, चेंडू मिळाल्यावर आधी रिंगकडे बघायचं, मगच टप्पा.

एक तास कसा वाटायचा

मुलं येतील तशी पहिली पाच मिनिटं मोकळं ड्रिबलिंग, कोणाची वाट न बघता. मग दहा मिनिटं जागेवरचं काम, त्यातली सहा डाव्या हाताला. नंतर दहा मिनिटं त्या दिवसाची एकच नवी गोष्ट. पाणी. पंधरा मिनिटं खेळ आणि पट्ट्यांमधला एकास एक. शेवटची पंधरा मिनिटं तीनास तीन, अर्ध्या कोर्टात, नियमांसह. उरलेली पाच अदलाबदलीत जातातच. एप्रिल-मेच्या शिबिरात सकाळी साडेआठच्या आत संपवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या, कोणी मागायची वाट न बघता.

प्रात्यक्षिक दाखवताना मुलांकडे पाठ करून दाखवा, नाहीतर तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो आणि निम्मी मुलं उलटं करतात. बोलणं तीस सेकंदांच्या आत. एका मुलाला एका वेळी एकच सूचना. कडेला उभे पालक ‘पळ, पळ’ ओरडत असतील तर त्यांना बाजूला घेऊन नम्रपणे सांगा की आज आपण हळू जाणं शिकतोय. ‘शाब्बास’ नुसतं न म्हणता कशाबद्दल ते सांगा: ‘आता मान वर होती’, ‘थांबलास छान’. मुलं तीच गोष्ट पुन्हा करून दाखवतात.

दर चार आठवड्यांनी तपासणी घ्या, पण मुलाच्या मागच्या नोंदीशीच तुलना करा. तीन गोष्टी वहीत लिहिल्या की पुरे: डाव्या हाताने मध्यरेषेपर्यंत जाऊन परत यायला किती सेकंद लागले आणि चेंडू कितीदा सुटला, त्या वाटेत दाखवलेल्या पाच आकड्यांपैकी किती बरोबर ओळखले, आणि पट्टीत एकास एकच्या पाच फेऱ्यांत किती वेळा पार गेलं. आकडे चुकत असतील तर वेळ कितीही चांगली असली तरी पुढच्या महिन्याचं काम ठरलं, मान.

घरी सराव सांगताना घर कसं आहे ते विचारा. इमारतीत राहणाऱ्या मुलाने संध्याकाळी पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर दहा मिनिटं मारलेले टप्पे पुरेत, त्यातली सहा मिनिटं डाव्या हाताची. तेही शक्य नसेल तर टप्पा न मारता बोटांच्या पेरांवर चेंडू एका हातातून दुसऱ्यात झटपट टोलवणं, कमरेभोवती आणि गुडघ्यांभोवती फिरवणं, हे दिवाणखान्यातही जमतं आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही.